शनिवारचा गाळ

चाळीतल्या मानसांचं लिहितीस ना, मंग मल्हारीचं लिही गं चैताली. आपल्या अंबडच्या चाळीत शेजारच्या खोलीत ऱ्हायचा तो. सुरगान्याकडचा, डोंगरातला. पंच्यान्नव साली आला तवा म्हनला, "मावशी, बायकोला आननार हाय." अन् तिच्या उंचीवर भिंतीला आरसा ठोकून बसला. सोता दाढी करायचा तर वाकून.

काम कसलं, तर पत्र्याच्या पार्टला रंग द्यायच्या आधी औषधाच्या गरम टाकीत बुडवत्यात, म्हंजी रंग धरतो. फॉस्फेटची टाकी म्हनायचे. तिच्या बुडाला पांढुरका गाळ बसतो. तो काढायचं काम ह्याचं. शुक्रवारी सांजच्याला हीटर बंद करायचा, टाकीला हात लावायचा नाय, म्हंजी पानी थंड होऊन रातभर गाळ खाली बसतो. शनिवारी निवळ पानी नळीनं वरच्यावर काढून घ्यायचं, मंग खालचा गाळ भरायचा. शनिवारी तर सगळी एमआयडीसी बंद. येवढ्या मोठ्या शेडात हा येकटाच.

फुलाबाई आली, नागलीचं पीठ अन् दोन लुगडी घेऊन, ऱ्हायलाच आली. त्यानं तिला सांगितलं, शनिवारी तुला गंगेवर, नदीच्या घाटावर नेतो. नेमकं त्या शुक्रवारी काम उशिरापर्यंत चाललं. सकाळी बघतो तर पानी अजून कोमट, गढूळच. थांबला नाय. तसंच काढलं, घाईत गाळ ढवळला गेला, निम्मा टाकीतच ऱ्हायला, अन् हा गेला बायकोला घेऊन. लय खुशीत आली व्हती ती. मला बांगड्या दाखवल्या.

रविवारी त्या टाकीतनं निघालेल्या पार्टवर भुकटी बसली. वरनं रंग दिला, तर नख लावलं की पापुद्रा निघायचा. सगळा माल परत आला. मालकानं कामावरनं काढला नाय, पन चार मानसांत बोलला. मल्हारीच्या मनाला लागलं ते. तवापासनं शनिवारी दिवसभर टाकीपाशी बसून ऱ्हायचा, पानी निवळलं तरी उठायचा नाय.

फुलाबाई खोलीत येकटी. माझ्यापाशी यायची, पन तिची बोली वेगळी, माझी वेगळी, किती बोलनार? सहा महिने काढले. भाताच्या आवनीला गावी निघाली तवा हसत म्हनली, "माझी सवत त्या टाकीत बसलीय. तिच्यासंगंच नांदा तुमी."

हसली म्हनून आमाला वाटलं, येईल. आली नाय.

मंग दोन हजार चार साली कंपनीत मशीन आलं. कापडातनं दाबून गाळ आपसूक वेगळा करायचं. मल्हारीला शनिवार मोकळा झाला. पहिल्याच शनिवारी पहाटेची यष्टी धरून तिला आनायला गेला. तिनं भाकर वाढली, कोंबडं कापलं. म्हनली, "मला आता हितंच बरं हाय. तुमी या, ऱ्हा, जा." भांडली असती तर बरं झालं असतं, असं तोच मला म्हनला.

त्याच सांजच्याला परत आला. पुढं शनिवारी पायरीवर बसायचा, हात मांडीवर ठेवून. मी म्हनलं, "आरसा तरी वर घे रे बाबा, कंबर मोडंल तुझी."

म्हनला, "ऱ्हाऊ दे मावशी. काढला तर भिंतीला भोक दिसंल."