तीन जागा, एक गहाणखत

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. माझा नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. आमच्या तीन जागा होत्या: अंधेरीचं राहतं घर, मरोळची सहा खोल्यांची बैठी चाळ आणि तिच्याशेजारचा मोकळा तुकडा. तुकड्यावर आणखी खोल्या बांधायला एका सावकार शेठकडून कर्ज काढायचं होतं. तिन्ही जागांचं एकच गहाणखत करायचं, असं नवऱ्याने आणि शेठने मला न विचारता ठरवलं.

"अगं, तीन खतं केली तर लिहिणावळ तीनदा द्यावी लागेल," नवरा म्हणाला. लिहिणावळ वाचवायला हा राहतं घर अडकवायला निघाला होता.

घर माझ्या बांगड्या मोडून घेतलेलं, म्हणून माझ्या नावावर. सही माझीही लागणार होती, म्हणून मलाही वकिलाकडे नेलं. वकिलाच्या कारकुनाने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला.

"तो ठेव बाजूला. आधी वाचू दे."

चौथी पास आहे मी. निम्मे शब्द कळले नाहीत, ते विचारून घेतले. एवढं कळलं की शेवटचा रुपया फिटेपर्यंत तिन्हींतलं काहीच सुटणार नव्हतं.

"कर्जाचा तिसरा हिस्सा फिटला की घर मोकळं करायचं. तसं लिहा," मी म्हटलं.

शेठ हसला. "बाई, म्हैस गहाण टाकून शेपूट घरी नेणार काय?"

"शेपूट तुम्हीच ठेवा. मी म्हैस नेते."

नवरा लाल झाला. "चारचौघांत शोभा करतेस?"

"उद्या सामान रस्त्यावर आलं तर तेही चारचौघांतच येईल."

सही न करता उठले. तीन आठवडे नवरा बोलला नाही. जेवायला मात्र वेळेवर बसायचा. चौथ्या आठवड्यात शेठचा निरोप आला, वाक्य घालतो. त्यालाही व्याज हवंच होतं.

तिसरा हिस्सा फेडायला अडीच वर्षं लागली. शेठ म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. मी त्याच दिवशी त्याला रजिस्ट्रार कचेरीत नेलं आणि घर मोकळं करून घेतलं.

वर्षभरात नवऱ्याला छातीचं दुखणं लागलं. गिरणी सुटली, हप्ते थकले. चाळ गेली, नव्या बांधलेल्या खोल्याही गेल्या. त्याचं मी कधी रडगाणं गायले नाही. नवरा आजारी पडला तो स्वतःच्या छपराखाली, आणि ते छप्पर मी राखलं होतं.

चाळीच्या किल्ल्या घ्यायला शेठ अंधेरीला आला. ओटीवर उभा राहून भिंतींकडे बघत म्हणाला, "बाई, हे पण आमचंच झालं असतं."

"झालं असतं," मी म्हटलं. "बसा, चहा टाकते."