चौथ्या पायरीचा टाका

इथं ग्रुपवर लोक आपापले अगम्य अनुभव लिहितात, ते मी वाचतो आणि बऱ्याचदा हसतो, हे आधीच कबूल करतो. आळेफाट्यावर माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, ट्रॉल्या, शेड, असली कामं. लोखंड तापलं की वाकतं आणि गार झालं की धरतं, याच्यापलीकडं माझा कशावरही विश्वास नव्हता. बायकोला भीमाशंकरला घेऊन जातो, पण ती रांगेत असते तेव्हा मी टपरीवर चहा पीत बसलेला असतो.

आधी घरचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. माझा थोरला भाऊ, दादा, जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर होता. मला वेल्डिंग त्यानंच शिकवलं. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी तो ड्यूटीवर आलाच नाही. जहाज धुंडाळलं, समुद्र धुंडाळला... काही नाही. कंपनीचं पत्र आलं, दादा आला नाही. आमच्याकडं माणूस असा बेपत्ता झाला की बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याचे विधी करतात. गेल्या वर्षी बारावं वर्ष संपत आलं होतं. भावकी म्हणत होती, उरकून घ्या. वहिनी म्हणत होती, नाय. तिला तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि खरं सांगतो, मलाही ते एकदाचं उरकायचंच होतं. आज त्याची लाज वाटते.

आणखी एक. आमच्या पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी आहे. दादा शेवटचा जहाजावर जायच्या आदल्या दिवशी तिची एक पायरी तडकली. "आल्यावर लावतो," म्हणून तो गेला. वहिनीनं त्या पायरीला जुन्या साडीची चिंधी बांधली आणि तेव्हापासून मला तिथं हात लावू दिला नाही. घरात वेल्डर आणि शिडी मोडकी! अख्खं गाव मला त्यावरून चिडवायचं.

गेल्या हिवाळ्यात पारसशेठबरोबर गुजरातला गेलो. पारसशेठ म्हणजे फाट्यावरचे हार्डवेअरवाले. घराणं मूळचं राजस्थानचं, पण बोलायला माझ्यापेक्षा पक्के आळेकर. भावनगरच्या पुढं समुद्रकाठी अलंगला जुनी जहाजं तोडतात. तिथं दारं, जनरेटर, पत्रा चांगला मिळतो. पारसशेठच्या ओळखीनं पास निघाला आणि यार्ड दाखवायला मनुभाई नावाचे म्हातारे गृहस्थ मिळाले. त्यांचं सगळं आयुष्य तिथंच गेलेलं.

त्या किनाऱ्यावर मी पहिल्यांदा मान वर केली तेव्हा डोक्यावरचं हेल्मेट मागं पडलं. पाणी पार लांब गेलेलं, आणि चिखलात ओळीनं जहाजंच जहाजं. एकाचं तोंड कापून नेलं होतं, आतले मजले, जिने उघडे पडले होते, एका खोलीत भिंतीवर आरसा अजून तसाच होता. मनुभाई म्हणाले, "बड़ी भरती के दिन कप्तान फुल स्पीड में सीधा किनारे पे चढ़ा देता है. आखिरी बार." मला आमच्या यात्रेतल्या घाटातली, म्हणजे शर्यतीच्या चढावरची, बैलगाड्यांची बारी आठवली. ती पण अशीच, खालून वर, जीव तोडून. मी आयुष्यभर लोखंड कापत आलोय, पण तिथं माझे हात आपोआप जोडले गेले.

दुपारी अडीचच्या सुमारास आम्ही एका जहाजात शिरलो. ते नुकतंच आलं होतं. गॅसची तपासणी व्हायची होती, त्यामुळं तोडायला सुरुवात नव्हती. आत काडीसुद्धा ओढायची नाही, फोन गेटवर ठेवायचे. लाईट बंद, इंजिन बंद. बॅटरीच्या उजेडात आम्ही इंजिन रूमच्या उभ्या शिडीपाशी आलो. खाली तीन मजले नुसता काळोख.

मनुभाई म्हणाले, "ऊपर से चौथी सीढ़ी टूटी है. लाल कपड़ा बाँधा है. उसको छोड़ के उतरना." ते सराईतासारखे झरझर उतरले. मागं पारसशेठ. वजनाचा काटा दिसला की रस्ता बदलणारा माणूस! आणि पारसशेठ चौथ्या पायरीवर दोन्ही पाय देऊन उभे राहिले.

"राव, लाल फडकं कुठंय?" त्यांनी वर बघून मला विचारलं.

ते कुठल्या पायरीवर आहेत ते बघून खालून मनुभाई ओरडले.  पण पायरी हलली नाही... जरासुद्धा.

"पावणं, घट्टय की ही," पारसशेठ खाली बघून म्हणाले. त्यांचा आवाज मात्र फाटला होता.

ते पुढं उतरल्यावर मी खाली वाकून बॅटरी मारली. पायरी आडवी तडकलेली होती, आणि त्या तड्यावर वेल्डिंग होतं. ताजं. वेल्डिंगवर जमणारी जळकी पपडीही काढलेली नव्हती. जळलेल्या रॉडचा वास माझ्या नाकाला ओळखीचा, तो तिथं दरवळत होता. लाल फडकं घडी घालून बाजूच्या कठड्याला बांधलेलं होतं. मी हातमोजा काढून बोट लावलं — आणि झटक्यात मागं घेतलं. तव्यावरून आत्ता उतरलेल्या भाकरीसारखा चटका बसला.

बोटाच्या धक्क्यानं पपडी उडाली, खालचा वेल्डिंगचा टाका दिसला. वेल्डर वेल्डरला हातावरून ओळखतो. दादा डावखुरा. टाका संपवताना तो रॉड जरा मागं घ्यायचा आणि डावीकडं एक बारीक गाठ वळवायचा, गोगलगायीसारखी. "शेवट उघडा सोडला की तिथूनच तडकतं," असं सांगून त्यानं मला ती किती वेळा शिकवली. माझ्या उजव्या हाताला ती कधी आली नाही. चौथ्या पायरीवर ती गाठ होती.

मनुभाई वर चढून आले. त्यांनी पायरी बघितली आणि हेल्मेट काढलं. "परसों मैंने खुद कपड़ा बाँधा था, भाई. आधी टूट के लटक रही थी." मग त्या टाक्यावर बॅटरी धरून म्हणाले, "यहाँ वेल्डिंग कौन करेगा? यहाँ तो सिर्फ काटते हैं."

बाहेर आल्यावर मी चिखलातून जहाजाच्या मागच्या अंगाला गेलो. जहाज विकलं की नाव बदलतात, पण जुन्या नावाची अक्षरं पत्र्यावर वेल्ड केलेली असतात. रंगाखालून ती उठून दिसतात. तिरप्या उन्हात मी ती एकेक वाचली. कंपनीच्या पत्रात दादाच्या जहाजाचं हेच नाव होतं. मी तिथंच खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. पारसशेठ शेजारी उभे राहिले.

घरी पोचलो तेव्हा वहिनी अंगणात लसूण सोलत होती. सगळं सांगितलं. तिनं दोनच गोष्टी विचारल्या.

"गाठ डावीकडं व्हती?"

"व्हय."

"आन गरम व्हतं?"

मी बोटावरचा फोड दाखवला. तिनं ते बोट हातात धरलं, उजेडाकडं वळवून बघितलं. अकरा वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी ती मोकळी रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तिथली त्यांनी लावली. आता घरची तुमी लावा, भावजी. मंग पुतळ्याचं काय असंल ते करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घरी आणलं. वहिनीनं स्वतः चिंधी सोडली. मी टाका मारला, गार होऊ दिला, हातोडीनं पपडी उडवली... आणि बघतच राहिलो. शेवटाला डावीकडं गाठ वळलेली होती.

 जहाज आता कापून, वितळून गेलं असेल. फोटो नाही, पुरावा नाही, बोटावरचा डागही पुसट झालाय. घरच्या पायरीवरची गाठ मी वळवली की कोणी माझ्या हातानं वळवून घेतली, तेही मला सांगता येत नाही. त्यानंतर शेकडो टाके मारले, परत एकदाही जमली नाही.

वहिनी मात्र त्या सकाळी गाठीचं काहीच विचारत बसली नाही. ती शिडी चढून त्या पायरीवर दोन्ही पाय देऊन उभी राहिली, आणि खाली माझ्याकडं बघून म्हणाली, "धरलं."