जनेलावरची चौकशी

लग्न ठरवायच्या आधी दवाखान्यात चौकशीला येणाऱ्या पुरुषांचा मला मनापासून संताप येतो. आमच्या पेडण्यात ही जुनी रीत आहे. मुलगी सांगून आली की पत्रिका बघायची, देवाला कौल लावायचा, आणि मग मुलाकडचा एखादा काका-मामा मुलीच्या गावच्या डॉक्टरकडे येऊन टपकतो. आत डॉक्टरांना विचारायची छाती नसते. म्हणून तो माझ्या जनेलाशी, मी नंबर देते त्या खिडकीशी, कोपर टेकून उभा राहतो आणि एकदम लाडात येतो. मुलाच्या डॉक्टरकडे जाऊन असं कोणी विचारल्याचं मी इतक्या वर्षांत ऐकलेलं नाही.

हल्ली मी कोणालाच काही सांगत नाही. गावात मला कुचकी म्हणतात, लग्नं मोडणारी म्हणतात. म्हणोत बापडे. पण पूर्वी मी सांगायचे, आणि तोंड भरून सांगायचे. मुलगी निरोगी असली की, "कधी साधा खोकलासुद्धा नाही हो," असं म्हणायचे. लग्न ठरलं की घरी लाडू यायचे, आणि आपण कोणाचं तरी भलं केलं असं वाटून मी ते खायचे.

मग दवाखान्याच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. तपासणीला साहेब येणार म्हणून डॉक्टरांची धावपळ सुरू झाली. पिवळी बादली, लाल बादली, सुया तोडायचं यंत्र, फायलींच्या कपाटाला नवं कुलूप. माझ्या जनेलाच्या वर एक पाटी लागली : 'रुग्णांची माहिती गुप्त ठेवली जाते.' डॉक्टरांनी मला बजावलं की पेशंटची लेखी संमती असल्याशिवाय कोणाला एक अक्षर सांगायचं नाही. मी मान डोलावली. साहेब आले, बादल्यांचे रंग बघितले, पाटी वाचली, चहा घेतला आणि गेले. जनेलावर काय चालतं ते त्यांनी विचारलं नाही.

मी नियम पाळायला लागले, पण माझ्या अकलेने. आजारी असेल तिचं सांगायचं नाही. जिला काही झालेलंच नाही, तिच्याबद्दल चांगलं बोलायला कसली आलीय संमती? इतकी मूर्ख मी होते.

आमच्याकडे एक मुलगी यायची, बालवाडीत शिकवणारी. शाळेत असताना तिला फिट यायची. गोळ्या सुरू झाल्यावर चार वर्षांत एकदाही आलेली नव्हती. महिन्यातून एकदा यायची, फाईल कपड्याच्या दुकानाच्या पिशवीत लपवून आणायची आणि कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा तिने मला हळूच सांगितलं की साखळी गावचं स्थळ आलंय, मुलगा तिला आवडलाय, आणि रविवारी भेटेल तेव्हा फिटचं ती त्याला सांगणार आहे. "माझ्या तोंडान सांगतलंय, ताय. दुसऱ्या कोणाकडसून कळूक नको." मी तिला म्हटलं, माझ्याकडून कधी कळणार नाही.

बुधवारी त्या मुलाचा मामा आला. खाणी जोरात असताना ट्रक चालवून पैसे केलेला माणूस, गळ्यात सोन्याची चेन, हातात मोठा मोबाईल. "आमच्या भाच्याक दोन चलयो सांगून आयल्यात. तुका खबर आसतली," म्हणत त्याने पहिल्या मुलीचा फोटो पुढे केला. दुसरीच कोणी मुलगी होती. मी सवयीने म्हटलं, "ही चांगली आहे हो, काही दुखणं नाही." त्याने बोट फिरवलं आणि दुसरा फोटो आला. बालवाडीची.

मी ताठ बसले. "सांगता येणार नाही. नियम आहे," असं म्हणून वरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

त्याने पाटी वाचली. मग माझ्याकडे बघून हसला. "कळ्ळें गे बाय, कळ्ळें. देव बरें करूं," म्हणाला आणि मोबाईल खिशात टाकून निघून गेला. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की आज मी एका मुलीची अब्रू राखली.

रविवारी मुलगा तिला भेटायला आलाच नाही. दवाखान्यातली बाई तोंड उघडत नाही म्हणजे प्रकरण मोठं आहे, असं मामाने घरी सांगितलं. पुढच्या आठवड्यात आमच्या बाजारात कोणी म्हणत होतं तिला वेड लागतं, कोणी म्हणत होतं तिला मूल होणार नाही. खरा आजार त्यातल्या एकालाही माहीत नव्हता; मामाने दोन मुलींचे फोटो दाखवले होते हे मात्र सगळ्यांना माहीत होतं.

मग ती आली. या वेळी कोपऱ्यात बसली नाही. बाक माणसांनी भरलेले असताना सरळ जनेलाशी आली आणि मोठ्याने विचारलं, "त्या मामाक काय सांगलात?"

"काय्येक सांगूक नाय गो. देवाशप्पत."

"आनी दुसऱ्या चेडवाचा?"

त्या दुसऱ्या मुलीला काही दुखणं नाही असं सांगितल्याचं मी कबूल केलं.

"मगे माझापन सांगलात तुमी," ती म्हणाली. सगळा बाक माझ्याकडे बघत होता.

तिला तिची फाईल हवी होती, यापुढे ती म्हापशाच्या डॉक्टरकडे जाणार होती. मी आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, लेखी तक्रार आहे का? नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला आणि ते म्हणाले, देऊन टाक फाईल, फक्त फॉर्मवर सही घे. त्या माणसाचा मला त्या क्षणी इतका तिटकारा आला की कपाटाची किल्ली त्याच्या टेबलावर फेकून घरी जावं असं वाटलं. गेले नाही. कुलूप उघडून फाईल काढली आणि फाईलबरोबर फॉर्म जनेलातून पुढे सरकवला.

तिने तो सावकाश वाचला. वर 'संमतीपत्र' असं लिहिलेलं होतं.

"तेका सांगताना माझी सही लागूक नाय," ती म्हणाली, "आनी माझी फाईल माका देवक लागता?"

तिने पेनासाठी माझ्याकडे हात पुढे केला आणि मी तिला ते दिलं.