परत आलेले तीन पाने

काकूंच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नाही, पण पाना लावून बघायला इंजिन आहे. काउंटरच्या उजव्या टोकाला लोखंडी स्टँडवर बसवलेलं, एका मेलेल्या गाडीचं. त्यावरचे काही बोल्ट नवे, काही गंजलेले आणि दोन-तीन मुद्दाम कडा झिजवून ठेवलेले. हत्यार घ्यायचं तर आधी इथे लावायचं, फिरवायचं, मग बोलायचं. शेजारचा टायरवाला म्हणतो, "काकू माल विकत नाहीत, परीक्षा घेतात." त्यात खोटं काही नाही.

नवरा गेला तेव्हा काकूंना तेराचा पाना आणि चौदाचा पाना यांतला फरक कळत नव्हता. दुकान विकून टाका, असा सल्ला द्यायला झाडून सगळे नातेवाईक हजर होते. काकूंनी सगळ्यांना चहा पाजला, वाटेला लावलं आणि भंगारवाल्याकडून हे इंजिन उचलून आणलं. मागच्या खोलीत ते पूर्ण खोललं आणि परत जोडलं. पहिल्या खेपेला ओंजळभर बोल्ट उरले. दुसऱ्या खेपेला दोन. तिसऱ्यांदा एकही उरला नाही, तेव्हा त्यांनी दुकानाचं शटर स्वतःच्या हाताने वर केलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

सुनेला हे सगळं ऐकून माहीत होतं, पण ऐकणं वेगळं. ती सहा वर्षं एका कंपनीच्या तक्रार विभागात फोनवर काम करत होती. कंपनीने तो विभागच बंद केला तेव्हा काकू म्हणाल्या, "घरात बसून भिंती काय बघतेस? दुकानात ये." सून आली ती मनातल्या मनात हसतच. रोज शंभर चिडलेली माणसं जिने गार केली, तिच्यापुढे गल्लीतले चार मेकॅनिक म्हणजे कोणत्या झाडाचा पाला!

पहिल्याच आठवड्यात तिची बोलती बंद झाली. एक कडक इस्त्रीचे गृहस्थ आले आणि त्यांनी एकशेवीस हत्यारांची मोठी पेटी मागितली. काकूंनी विचारलं, "गाडीचं बॉनेट कधी उघडलंय का?"

"आता उघडीन की!"

"मग आताच उघडा." काकू चपला घालून रस्त्यावर गेल्या, त्यांच्याच गाडीत वाकल्या, आणि परत येऊन मोजकी अकरा हत्यारं काउंटरवर मांडली. "वर्षभरात यात काही कमी पडलं तर या. पेटी काही पळून जात नाही." गृहस्थ आधी रुसले, पण जाताना अकरा हत्यारं छातीशी धरून गेले.

दुसरा एक जण आल्या आल्या आरडाओरडा करत होता की तुमची पक्कड भिकार आहे. सून ओठांवर आलेलं 'दिलगीर आहोत' उच्चारणार, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "कशावर लावली होती?" नटावर, असं कळलं. "पक्कड धरायला असते हो, नट फिरवायला पाना. उद्या झाडूने पोळी लाटाल!" दुकानातले सगळे हसले, तोही हसला. तो गेल्यावर काकू सुनेला म्हणाल्या, "कटकट करतं ते गिऱ्हाईक चांगलं, बाई. ते निदान सांगतं तरी. गप्प बसणारं दुसरीकडे जातं."

काकूंची आणखी एक रीत होती. परत आलेलं हत्यार त्या लगेच कंपनीकडे पाठवत नसत. काउंटरखालच्या खणात ते महिनाभर पडून राहायचं. त्याला एक चिठ्ठी बांधलेली असायची: कोणी आणलं आणि काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. दुपारी गर्दी ओसरली की काकू एकेक हत्यार काढून दाराच्या उजेडात फिरवून बघत. सुनेला हा म्हातारपणचा चाळा वाटायचा. चिठ्ठ्या लिहायचं काम मात्र तिच्याकडेच आलं होतं.

आणि मग भिंग. म्हणजे गल्लीच्या टोकाला एकट्याने गॅरेज चालवणारे साठीचे मिस्त्री. तोंडावर मिस्त्री, पाठीमागे भिंग, कारण एका पान्यासाठी हा माणूस दहा पाने उजेडात धरून बघायचा आणि दहाही नाकारून अकरावा मागायचा. जुन्या गाड्यांचे मालक शहराच्या दुसऱ्या टोकाहून त्यांच्याकडे यायचे. इतरांनी हात टेकलेलं काम भिंग करतो, असं सगळे मेकॅनिक मान्य करायचे, जरा कुरकुरतच.

या मिस्त्रींनी एका महिन्यात तीन रिंग पाने, म्हणजे टोकाला गोल कडं असलेले, परत आणले. "सैल आहे. बोल्टची कड खाल्ली." पहिल्या वेळी सुनेने गोड बोलून पाना बदलून दिला. दुसऱ्या वेळी बदलून दिला, पण गोड बोलणं संपलं. तिसऱ्या वेळी दुकानात चार मेकॅनिक उभे होते आणि सुनेचा पारा चढला. तिने तो पाना उचलला आणि इंजिनवरच्या नव्या बोल्टवर बसवून फिरवला. बोल्ट मुकाट सुटला. मग गंजलेल्यावर लावला. तोही सुटला.

"बघा सगळ्यांनी, आहे काही दोष?" मग तिच्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री, राग मानू नका, पण नाचता येईना अंगण वाकडं, असं नको व्हायला."

एकाला तीन उत्तरं देणारे मिस्त्री खाली बघत राहिले. त्यांचा उजवा हात खिशात होता.

काकू मागच्या खोलीतून पुढे आल्या. त्यांनी पाना घेतला, त्याची आतली कड पाहिली, मिस्त्रींकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अंगण वाकडंच होतं. मालाची ती खेपच खराब आली. चूक दुकानाची आहे, मिस्त्री. माफ करा."

मिस्त्री नवा पाना न घेताच गेले. दुकान रिकामं झाल्यावर सून उसळली, "आई, पाना चांगला होता! मी लावून दाखवला ना!"

"चांगलाच होता," काकू म्हणाल्या. त्यांनी खणातून आधीचे दोन काढले आणि तिन्ही पाने कागदावर मांडले. "आता नीट बघ."

सुनेने पाहिलं. तिन्ही पान्यांच्या कड्यावर आतून एकाच बाजूला बारीक खरचटलं होतं. इतकं बारीक, की बोट फिरवल्यावरच कळावं.

"सरळ बसलेला पाना सगळीकडे सारखा घासतो," काकू म्हणाल्या. "हा तिरका बसलाय. एकदा तिरका बसला तर घाई म्हणू. तिन्ही वेळा तिरका, त्याच अंगाला, आणि लावणारे कोण तर मिस्त्री! दांडा मुठीत घट्ट बसत नाहीये त्यांच्या. करंगळीच्या अंगाने पकड सुटते, म्हणजे करंगळी आणि शेजारचं बोट मिटत नसणार. आज पाना काउंटरवर कोणत्या हाताने ठेवला?"

सुनेला आठवलं. डाव्या.

"मग त्यांना सांगायचं ना तसं."

"त्यांना माहीत नाही का? का चौघांसमोर सांगायचं होतं? हातावर पोट आहे त्या माणसाचं. हात गेला हे गल्लीत कळलं, तर उद्या गाडी कोण देईल?"

सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हे तिन्ही पाने तिच्या हातून गेले होते. चिठ्ठ्या तिने लिहिल्या होत्या. तिने शब्द ऐकले, आणि या बाईने न दाखवलेला हात बघितला. सासूकडे बघताना तिला त्या क्षणी खरोखर थोडी भीती वाटली, एवढी मोठी गोष्ट जवळून बघताना वाटते तशी.

पण बोललेलं गल्लीत पोचायला वेळ लागत नाही. काकूंकडे खराब खेप आली, असं तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी झालं. एक जण रॅचेट, म्हणजे दात्यांवर कटकट फिरणारा पाना, घेऊन आला, एक जण पान्यांचा अख्खा संच. "त्या खेपेतलं असेल तर बदलून द्या, काकू." काकू बदलून देत राहिल्या. चांगल्या हत्यारांनी खण भरला, मग खाली एक खोका भरला. कायम इथूनच माल नेणाऱ्या एका मोठ्या गॅरेजवाल्याने निरोप धाडला की यापुढे आम्ही दुसरीकडे बघतो. तो निरोप ऐकून काकू बराच वेळ काउंटरचा एकच कोपरा पुसत होत्या.

"आई, खरं सांगून टाका आता," सून काकुळतीला येऊन म्हणाली. "सव्वीस वर्षांचं नाव आहे."

"खरं माझं नाहीये गं, मी काय सांगू? ते मिस्त्रींचं आहे."

दहाव्या दिवशी सकाळी अकराला दुकान भरलेलं होतं. सहा जण होते, त्यातला एक पाना परत द्यायला आलेला. मिस्त्री दारात येऊन उभे राहिले, थोडा वेळ ऐकत राहिले, मग माणसं बाजूला सारत पुढे आले. त्यांनी उजवा हात खिशातून काढला, काउंटरवर ठेवला आणि मूठ वळली. अंगठा वळला, दोन बोटं वळली. शेवटची दोन काठीसारखी ताठ राहिली.

"पाने चांगले होते," मिस्त्री म्हणाले. "तिन्ही. ही दोन बोटं मिटत नाहीत, चार महिने झाले. हाताचा राग मी पान्यावर काढला."

काकू पुढे झाल्या. "मिस्त्री, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतलंत?"

"सव्वीस वर्षं इथे हत्यारं घेतोय, काकू. माल खराब असता तर मी घेतला असता होय?"

परत द्यायला आलेल्या माणसाने आपला पाना गुपचूप पिशवीत टाकला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांत हजारो तक्रारी तिने ऐकल्या होत्या. चूक माझीच होती, हे सांगायला एकाही माणसाने उलट फोन केला नव्हता. आणि हा माणूस पोटावर पाय यायची पाळी असताना सहा जणांसमोर हात उघडा करून उभा होता. सुनेने आपोआप हात जोडले. "मिस्त्री, त्या दिवशी मी बोलले ते..."

"ते राहू दे, सूनबाई. या हाताला चालेल असं काही आहे का? दाखव."

सुनेने काकूंकडे पाहिलं. काकू पदराने डोळे पुसण्यात गुंतल्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली. सुनेने आधी जाड मुठीचा लांब पाना काढला, तळव्याने रेटता येईल असा. मिस्त्रींनी तो इंजिनवर लावून पाहिला.

"जड आहे."

मग बारीक दात्यांचा रॅचेट, मनगट जरासं हललं तरी पुढे सरकणारा.

"याहून बारीक दाते मिळतात."

तिसरा त्यांनी दाराच्या उजेडात धरला, इकडून बघितला, तिकडून बघितला. "मुठीवरचं रबर चिकटवलेलं आहे. साच्यात ओतलेलं पाहिजे."

मागे सहा माणसं ताटकळत उभी होती. एकानेही घाई केली नाही. सून चौथा काढायला स्टुलावर चढली.