पौर्णिमेच्या चिंबोऱ्या

मी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना पौर्णिमेच्या दिवशी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, खायला बोलावलं. ज्यांना यातली चूक कळली त्यांनी पोटभर हसून घ्यावं. ज्यांना कळली नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मलाही कळली नव्हती. ती मला सांगितली आमच्या मजल्यावरच्या मावशींनी, ऐन त्याच रविवारी सकाळी, लिफ्टमध्ये, माझ्या हातात दुधाची पिशवी असताना.

या मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. घोडबंदर रोडवरचा आमचा टॉवर त्यांच्या भातशेतीवर उभा आहे आणि मी त्यात भाड्याने राहतो, एवढाच काय तो संबंध. "ही लिफ्ट हाय ना, हितं आमचा खला व्हता. भात झोडायचो आमी हितं," असं त्या प्रत्येक नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगायच्या. मग तो बिचारा पुढे कायम लिफ्टमध्ये जरा अंग चोरूनच उभा राहायचा.

महिन्यातल्या एका रविवारी आमच्या मजल्यावरची चार घरं मिळून खोपटला जेवायला जायची. एसटी डेपोमागच्या गल्लीत एक चायनीज सी-फूड हॉटेल आहे. आठ टेबलं, लाल कागदी कंदील, आणि भिंतीवर एक ड्रॅगन, ज्याचं अर्धं तोंड ओलीने गेलंय. आम्ही पुढच्या दाराने शिरायचो, मावशी मागच्या. थेट स्वयंपाकघरात. पापलेटाचे कल्ले उघडून बघायच्या, कोळंबी नाकाशी न्यायच्या, चिंबोरी उलटी करून अंगठ्याने दाबायच्या आणि मगच बाहेर येऊन खुर्चीत बसायच्या. मेनूकार्ड त्यांनी कधी उघडलं नाही. "कार्ड कशाला बगू? म्हावरा बगून आले ना मी."

तिथला आचारी मोहन या तपासणीला फार वैतागायचा. मूळचा दार्जिलिंगकडचा, पण ठाण्यात इतकी वर्षं काढलेली की वैतागायचा मराठीत. एकदा तो म्हणाला, "मावशी, चायनीज मला नका शिकवू."

"चायनीज तूच कर. म्हावरा माझा हाय."

तेव्हापासून हद्द ठरली. कढईच्या अलीकडे मावशी, पलीकडे मोहन.

मी डोंबिवलीच्या शाकाहारी घरातला. मासे खायला शिकलो ते या टेबलावर. पहिल्या दिवशी मी तळलेलं पापलेट काट्या-चमच्याने खायला घेतलं. मावशींनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी गृहस्थांना देऊन टाकला. जेवताना कुणी गप्पा मारायला लागलं की त्यांचं ठरलेलं, "गप. काटा लागंल." समोर व्हेज मंचुरियन असलं तरी हेच. आणि आश्चर्य म्हणजे लोक गप्प बसायचे.

आता नीताच्या बाबांकडे येतो. ते मूळचे अलिबागकडचे, राहायला कल्याणला, आणि एक दिवसाआड मासे हवेतच. नीताचं आणि माझं ठरलं होतं. बाबांची हरकत एकच होती, आणि त्यांनी ती मला फोनवर सरळ सांगितली. "मुलगा म्हणून तुम्ही चांगले आहात. पण तुमच्या घरात माझी पोरगी दुधी भोपळा खाऊन दिवस काढणार."

यावर 'तिला हवं ते शिजवू' एवढं बोललो असतो तरी भागलं असतं. मी म्हणालो, "काका, माशांतलं मला सगळं कळतं. या रविवारी चिंबोऱ्या खायलाच या दुपारी."

पलीकडे जरा शांतता. "या रविवारी?"

"याच."

"येतो. काय ते तिथेच ठरवू."

त्या शांततेचा अर्थ मी असा लावला की माणूस भारावला. माझ्या आईबाबांना बोलावलं, तर आई म्हणाली, "साखरपुड्याला येऊ. खेकड्यांना नाही."

हे सगळं मी लिफ्टमध्ये मावशींना ऐटीत सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आज पुनव हाय."

"हो का? वा!"

"वा? येरा हायस का तू? पुनवेला चिंबोरी पोकल असते. भरते ती आवसेला. सोयऱ्याला टरफलं खिलवनार?" मग जरा थांबून, "अलिबागचा ना तो? त्याला ठाव असनार."

फोनवरच्या शांततेचा खरा अर्थ तेव्हा लागला. मी अगदी रडव्या आवाजात म्हणालो, "मावशी, आता काय करू?"

"तू आता कायपन करू नको. तुझा करून झालाय. मी येते, तुझी मावशी म्हनून."

आणि त्या आल्या. ठेवणीतलं हिरवंगार लुगडं, नाकात नथ, गळ्यात सोनं. माजिवड्याला रिक्षा अडकली तेव्हा त्यांनी बाहेर डोकं काढून पुढच्या बसच्या ड्रायव्हरला असं काही झापलं की, माझी खात्री आहे, सिग्नल त्यांनीच सोडवला.

पाहुणे यायच्या तासभर आधी आम्ही मोहनच्या स्वयंपाकघरात होतो. त्याने माझ्या सांगण्यावरून चौदा चिंबोऱ्या आणून ठेवलेल्या. मावशी एकेक उलटी करून दाबत गेल्या. "पोकल. पोकल. ही पन. हिच्यात वारा." चौदांत भरलेल्या निघाल्या तीन. मी सुचवलं, "पनीर चिली करायचं का?" मोहन आणि मावशी यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, दोघांनी मिळून मला दाराबाहेर उभं केलं.

दारातून मी पाहिलं ते असं. मावशींनी पोकळ चिंबोऱ्यांचे सगळे पाय मोडून घेतले, मिक्सरमध्ये भरडले, पाणी घालून फडक्यातून घट्ट पिळले. राखाडी रंगाचं पातेलंभर पाणी निघालं. ते कढईत पडलं आणि वास सुटला. मोहनने लसूण, मिरपूड, आलं घातलं. मावशी चिंचेचा कोळ घेऊन हद्द ओलांडून आल्या.

"मावशी, चायनीजमध्ये चिंच नाय घालत!"

"तू गेलायस चायनात? मी पन नाय गेले. घाल."

मोहनने घातली. वरून अंडं धार धरून सोडलं, त्याचे तंतू झाले. त्याने चाखून पाहिलं, आणि चमचा हातात तसाच धरून तो दारातून बाहेरच्या ड्रॅगनकडे बघत राहिला.

पाहुणे आले. नीता, तिची आई आणि बाबा. बाबांनी बसल्या बसल्या मेनूकार्ड बाजूला सारलं आणि माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "काय हो, आज तिथी कोणती?"

नीताने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला.

"पुनव," मावशी म्हणाल्या. "म्हनून तर आज बोलावलाय. आवसेची भरलेली चिंबोरी कोनपन खिलवील. पुनवेला खिलवायला मानूस लागतो."

बाबांनी भुवई वर केली. तेवढ्यात सूप आलं. त्यांनी एक चमचा घेतला. चमचा खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. त्यांनी दोन्ही हातांनी वाटी उचलून तोंडाला लावली. दुसऱ्या वाटीला ते काहीतरी म्हणणार होते, तर मावशी म्हणाल्या, "गप. काटा लागंल." सुपात काटा कुठला? पण माझे भावी सासरे, आख्खं ऑफिस ज्यांना टरकून असायचं ते, निमूट गप्प बसले. तीन भरलेल्या चिंबोऱ्या मावशींनी स्वतःच्या हाताने नीताला, तिच्या आईला आणि बाबांना वाढल्या. मला नूडल्स.

तिसरी वाटी संपवून बाबांनी विचारलं, "साखरपुडा कधी धरायचा?" विचारलं मावशींना.

"आवसेच्या आसपास नको. तवा चिंबोऱ्या खाऊ."

शेजारच्या दोन टेबलांवरून 'ते काय आहे ते आम्हालाही' अशी मागणी आली. मोहन बाहेर येऊन मावशींच्या पाया पडला. पुढच्या महिन्यात ते सूप कार्डावर छापलं गेलं, आणि मावशींनी तेव्हाही कार्ड उघडलं नाही.

मावशींना जाऊन आता दोन वर्षं झाली. आम्ही अजून जातो. आता नीताचं माहेरही येतं, कल्याणहून, रांगेने. मागच्या दाराने मीच आत शिरतो. चिंबोरी उलटी करून दाबतो, गंभीर चेहरा करतो. मोहन माझ्या हातातून ती काढून घेतो, स्वतः दाबतो आणि दुसरी निवडतो. चिंच मात्र तो न सांगता घालतो.

गेल्या रविवारी सगळे वाट्या पुसून पीत होते. मला भरून आलं. म्हटलं, "बाबा, काही म्हणा, त्या दिवशी आपण मैदान मारलं."

बाबांनी वाटीतून डोकंही वर काढलं नाही. "आपण? मी तर पौर्णिमेला चिंबोऱ्या खायला बोलावणारा गाढव कसा दिसतो ते बघायला आलो होतो. समोर त्या बाई बसल्या. खरं सांगू का जावईबापू, तुम्ही तिथे होतात हेच मला आठवत नाही."