कार्डांची खंडेनवमी

आता माझी नातवंडं कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसतात. सत्तरच्या दशकात आमच्या मावळात तो कुणी पाहिलाच नव्हता. शिकवणाऱ्या सरांनीही लांबूनच. तरी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा प्रोग्रॅमिंगचा क्लास जोरात चालायचा. आमच्या बेडशाहून कामशेतपर्यंत चालत आणि पुढे गाडीने मी तिथे जायची.

पहिला महिना नुसता हत्यारं निवडण्यात गेला. भाषा कुठली घ्यायची? फोरट्रान विद्वानांची, कोबोल पगारदारांची, असं सर सांगत. त्यावरून वर्गात दोन तट पडले, बोलणं बंद झालं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! मग पेन्सिल कुठली, फ्लोचार्टच्या चौकटी काढायची प्लॅस्टिकची पट्टी कुठली, यावर व्याख्यानं झडली. पट्ट्या सर स्वतःच विकत, त्यामुळे त्यांच्याकडचीच उत्तम ठरे. मी कोबोल घेतली. मला विद्वान व्हायचं नव्हतं, तळेगावच्या नव्या कारखान्यात नोकरी हवी होती. ती मिळाली नाही तर तुळशीच्या लग्नानंतर सांगून आलेल्या स्थळाशी माझं लग्न, हे घरात ठरलं होतं.

कारखान्याची परीक्षा म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या एका मशीनवर आपला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. मी कागदावर लिहिलेला प्रोग्रॅम सरांनी पुण्याला पाठवून कार्डांवर भोकं पाडून आणवला. एका ओळीला एक कार्ड; मशीन ती भोकंच वाचणार. तो गठ्ठा मी घरी फडताळात जपून ठेवला.

खंडेनवमीला मी झेंडू घेऊन परतले, तर नांगराचा फाळ, कोयता, विळे यांच्या रांगेत माझी कार्डं मांडलेली. आबा, म्हणजे माझे वडील, एकेका कार्डाला ओलं कुंकू लावून वर अक्षता चिकटवत होते.

"आबा, हे काय?"

"तुजं हत्यार न्हाई व्हय हे? मग पूजा नको?"

माझ्या शिक्षणाला थेरं म्हणणारा हा माणूस. माझी वस्तू फाळाशेजारी त्यांनी पहिल्यांदाच ठेवली होती. मला रडूच आलं, मग कार्डं उचलणार कोण? शिवाय पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दसऱ्याला सोनं द्यायला गेले तेव्हा अशी कार्डं चालतील का, असं सरांना विचारलं. ते म्हणाले, "शुभच आहे."

पुण्यात फुगलेली, एकमेकांना चिकटलेली कार्डं मशीनने दोन-चार गिळली आणि ते कुरकुरत अडकलं. मशीन सांभाळणारा बुशकोटवाला भडकला. "खेडवळ अंधश्रद्धा! हे शास्त्र आहे, बाई!" असं म्हणत तो ज्या मशीनवर हात आपटत होता, त्याच्या कपाळावर पंजाएवढं कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि बाजूला झेंडूचा हार लोंबत होता. त्यांचं ते शास्त्र, आमची ती अंधश्रद्धा. मी हे त्याला तोंडावर सुनावलं. नोकरी अर्थातच गेली, आणि त्या माणसाचा राग मला अजून येतो. आबांचा का कोण जाणे, आला नाही.

संध्याकाळी ते ओट्यावर वाट बघत बसले होते. "चाललं का गं?"

"त्यांचं मशीनच बंद पडलं," मी ठोकून दिलं.

आबा मनापासून हळहळले. "पूजा केली नसंल त्येंनी. शिकल्याली माणसं ती."

मग आईला हाक मारून त्यांनी पाहुण्यांना होकार कळवायला सांगितलं.