माइक नसलेलं प्रात्यक्षिक

नव्या हातमोज्यांच्या खोक्याचा वास आला की मला अमरावतीचं ते प्रशिक्षण आठवतं. त्याच्या सहा महिने आधी, नवरा निरोध वापरत नाही म्हणून तीन लेकरांची एक आई आमच्या दवाखान्यात महिला कंडोम मागायला आली होती. मी तिथली नर्स, पण कपाटाची किल्ली डॉक्टरसाहेबांकडे. भरल्या ओपीडीत ते तिला म्हणाले, "नवऱ्याले विचारलं का? त्याची चिठ्ठी आण आधी." ती मान खाली घालून गेली आणि परत आली ती चौथ्या बाळंतपणाची नोंद करायलाच. प्रशिक्षणात तेच साहेब तज्ज्ञ म्हणून शाल-श्रीफळ घेऊन महिला कंडोमवर तासभर बोलले, पण समोरचं पाकीट काही उघडलं नाही. मी मागच्या रांगेतून उठले. "सर, एकदा बसवून दाखवा ना. आमाले बायाइले शिकवा लागते." साहेबांनी पाकीट फोडलं. कंडोमच्या दोन टोकांच्या दोन कड्यांपैकी आत कुठली जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तो बुळबुळीत ऐवज हातातून निसटून थेट प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर पडला. "राहू द्या सर," मी म्हटलं, "घरून बाईसाहेबांची चिठ्ठी आणा आधी." आजूबाजूच्या नर्सा पदर तोंडाला लावून हसल्या. पंधरा दिवसांत माझी अकोल्याला बदली झाली. आज मला एकाच गोष्टीची खंत वाटते: तेव्हा मी माइक मागून घ्यायला हवा होता.